पडद्यावरचे डॉक्टर आणि आपले दवाखाने

या पानांवर आपण महागाई भत्ता, रिक्त जागा, पदोन्नती आणि खाजगीकरण यांवर वाचतो. त्यात टेलिव्हिजनवरच्या डॉक्टरांच्या मालिकेला जागा कशाला, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. आपल्या घरातली माणसे दवाखान्यात जातात ती डोक्यात पडद्यावरचा दवाखाना घेऊनच जातात. डॉक्टर किती वेळात धावत येतो, बंद पडलेले हृदय कसे चालू होते, आणि नाही झाले तर कोणाची कॉलर धरायची, हे सगळे आपण पडद्यावरूनच शिकलो आहोत. त्यातले बरेच चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत आपल्यासारख्यांना द्यावी लागते.

आपल्याकडच्या मालिकांतला दवाखाना सर्वांच्या ओळखीचा आहे. फरशी चकचकीत, पेशंट एक आणि त्याच्याभोवती डॉक्टर चार. १९९१ च्या सुमारास दूरदर्शनवर विजया मेहता यांची ‘लाइफलाइन’ आली होती, तिची गोष्ट वेगळी. पुढे २००२ साली ‘संजीवनी’ आली, २००७ साली ‘दिल मिल गये’ आली. त्यांत दवाखाना हा प्रेमप्रकरणांचा मांडव होता. पेशंट अधूनमधून येई, आणि तो बरा होणार की नाही हे नायक-नायिकेच्या भांडणावर ठरे. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन मान हलवतो, औषधाची नव्हे आता प्रार्थनेची गरज आहे असे सांगतो, आणि नातेवाईक देवाकडे धावतात. औषध संपले होते का, नर्स किती होत्या, रक्तपेढी उघडी होती का, हे प्रश्न तिथे कोणाला पडत नाहीत. २०२१ साली आलेल्या ‘मुंबई डायरीज २६/११’ मध्ये निदान सरकारी रुग्णालयातली टंचाई दिसते, एवढे मान्य करतो.

मला लिहायचे आहे ते मात्र अमेरिकेतल्या एका मालिकेबद्दल. तिचे नाव ‘ई.आर.’, म्हणजे इमर्जन्सी रूम. आपल्या भाषेत कॅज्युअल्टी. ही मालिका १९९४ साली सुरू झाली आणि २००९ पर्यंत, पंधरा वर्षे चालली. ती निर्माण करणारा मायकेल क्रायटन हा लेखक स्वतः डॉक्टरीचे शिक्षण घेतलेला होता. शिकागो शहरातले एक सार्वजनिक रुग्णालय, तिथे येणारे गोरगरीब, अपघातातले, दारूडे, बाळंतिणी, आणि त्यांच्यामागे पळणारे तरुण डॉक्टर, असा तिचा विषय. आमची थोरली सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तिने या मालिकेचा एक भाग मला लॅपटॉपवर लावून दाखवला, आणि इंग्रजी भराभर बोलतात म्हणून मध्ये मध्ये थांबवून समजावूनही सांगितला.

तो भाग ९ मार्च १९९५ रोजी प्रथम दाखवला गेला. नाव ‘लव्हज् लेबर लॉस्ट’. हे शेक्सपिअरच्या एका नाटकाचे नाव आहे. आपल्याला लेबर या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक, पण इंग्रजीत बाळंतपणाच्या कळांनाही लेबरच म्हणतात. हा भाग लिहिणारा लान्स जेन्टिले हा कॅज्युअल्टीत काम केलेला डॉक्टर होता, आणि ते दर मिनिटाला कळते.

गोष्ट अशी. दिवस भरलेली एक बाई नवऱ्याबरोबर कॅज्युअल्टीत येते. तक्रार साधी, वारंवार लघवीला होते. डॉक्टर मार्क ग्रीन तिला तपासतो. हा कामचुकार नाही, उर्मट नाही. उलट सगळ्या मालिकेतला सर्वांत समजूतदार, शांत माणूस तोच. तो म्हणतो, मूत्राशयाला जंतुसंसर्ग झाला आहे, गोळ्या घ्या आणि घरी जा. नवरा-बायको हसत निघतात. थोड्याच वेळात तिला फिट येते आणि तिला परत आत आणावे लागते. तिचे दुखणे निव्वळ जंतुसंसर्गाचे नव्हते. तिला प्री-एक्लॅम्प्सिया होता आणि तो ध्यानात आला नाही.

हा आजार आपल्या घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, म्हणून इथे जरा थांबतो. गरोदरपणात साधारण विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात. डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, वरच्या पोटात दुखणे, ही त्याची लक्षणे. काही बायांना काहीच जाणवत नाही, आणि म्हणूनच दर तपासणीला रक्तदाब मोजणे व लघवी तपासणे याला पर्याय नाही. वेळीच लक्ष दिले नाही तर फिट येते, तिला एक्लॅम्प्सिया म्हणतात. त्यावर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. हे औषध जुने आहे आणि स्वस्त आहे. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर गरोदर बायांवर झालेल्या मोठ्या पाहणीत असे सिद्ध झाले की, प्री-एक्लॅम्प्सिया असताना हे औषध दिले तर फिट येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. त्या पाहणीत आपला देशही होता. म्हणजे इथे प्रश्न महागड्या यंत्राचा नाही. रक्तदाबाचा पट्टा आणि तो नीट बघणारा माणूस असला की झाले.

पुन्हा मालिकेकडे येतो. फिट थांबते. आता बाळंतपण करायला हवे. प्रसूती विभागाला निरोपावर निरोप जातात, पण तज्ज्ञ डॉक्टर वेळेवर खाली येत नाही. ग्रीन ठरवतो की आपणच करू. कळा सुरू करतात. बाळाचे डोके बाहेर येते आणि खांदे अडकतात. एक युक्ती, दुसरी युक्ती, काहीच चालत नाही. शेवटी कॅज्युअल्टीतल्या त्या टेबलावरच सिझेरियन करावे लागते, आणि ते करणाऱ्याला त्याचा सराव नाही. बाळ वाचते. आईची वार आधीच सुटलेली असते, रक्तस्राव थांबत नाही, रक्त गोठणेच बंद होते. तज्ज्ञ बाई येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ती ग्रीनवर संतापते. ग्रीन मात्र हरल्यावरही छाती दाबत राहतो. मग तो बाळ हातात घेतलेल्या नवऱ्याला बातमी सांगायला जातो. शेवटी तो एकटाच शिकागोच्या उन्नत लोकलने घरी जातो आणि डब्यात बसून रडतो. आपल्या गाडीच्या डब्यात रात्रपाळीहून परतणारा असा एखादा डॉक्टर, एखादी नर्स आपण कितीदा पाहिली असेल. तिकीट बघितले असेल आणि पुढे गेलो असू.

ही गोष्ट बघून माझ्या शेजारी बसलेला जावई चटकन म्हणाला, “मामा, डॉक्टरची चूक आहे. घरी पाठवायलाच नको होते.” चूक आहेच. मीही नाही म्हणत नाही. पण कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला त्या चुकीच्या मागे आणखी काय काय उभे आहे तेही दिसते. या मालिकेच्या पहिल्याच भागात शिकाऊ डॉक्टरांच्या ड्युटीचा हिशेब आहे. ३६ तास काम आणि १८ तास सुटी. आपल्या रोस्टरवर असा आकडा कोणी लिहिला तर त्या दिवशी विभागीय कार्यालयासमोर मोर्चा जाईल. कॅज्युअल्टीत पेशंट ओसंडून वाहतात. प्रसूती विभाग एका मजल्यावर, कॅज्युअल्टी दुसऱ्या मजल्यावर, आणि मध्ये फक्त फोन. अडचण आली तर कोणी धावून यायचे याचा बंदोबस्त नाही. भला माणूसही अशा जागी उभा केला तर एक ना एक दिवस चुकणार.

हे मालिकेपुरतेच नाही. १९८४ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालयात १८ वर्षांची एक मुलगी दगावली. तिचे वडील पत्रकार होते, त्यांनी पाठ सोडली नाही. चौकशीत शिकाऊ डॉक्टरांच्या लांबलचक पाळ्या आणि वरिष्ठांची अपुरी देखरेख हे मुद्दे पुढे आले. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नियम केला की आठवड्याला ८० तासांहून आणि सलग २४ तासांहून जास्त काम नाही. ८० तासांची मर्यादा सगळ्या अमेरिकेला लागू व्हायला २००३ साल उजाडले. आपल्याकडे तर १९९२ च्या केंद्रीय निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तास अशी मर्यादा लिहिलेली आहे. ती कुठे पाळली जाते, हे कोणत्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात रात्री दोन वाजता जाऊन विचारावे. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची शिफारस केली. बत्तीस वर्षांत ४८ वरून ७४ वर आलो, याला सुधारणा म्हणतात!

आता आपल्यातली एक गोष्ट सांगतो. दवाखान्याचे नाव देत नाही, कारण मुद्दा त्या एकाच दवाखान्याचा नाही. एका जंक्शनवरचा आमचा एक पॉइंट्समन रात्रपाळी करून सकाळी छातीत जळजळ होते म्हणून दवाखान्यात गेला. ओ.पी.डी.त रांग दारापर्यंत. डॉक्टर एकच, दुसरी जागा कित्येक महिने रिकामी. डॉक्टरने पित्त म्हणून पातळ औषध दिले. ई.सी.जी. काढावा असे कागदावर लिहिलेही होते, पण ई.सी.जी. काढणारा माणूस त्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी पाठवलेला. “उद्या या,” असे खिडकीतून सांगितले. उद्या आलाच नाही. पहाटे तो गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर दोनशे माणसे जमली. डॉक्टरला बाहेर काढा, असा घोष. आम्ही पदाधिकारी मध्ये उभे राहिलो म्हणून हाणामारी झाली नाही. त्याची बायको मला म्हणाली, “भाऊ, डॉक्टरला मारून मला काय मिळणार? ते मशीन का बंद होतं एवढं विचारा.” त्या दोनशे माणसांत नेमका प्रश्न तिने एकटीने विचारला. पुढे काय झाले? डॉक्टरची बदली झाली. ई.सी.जी.च्या माणसाची जागा रिकामीच राहिली. प्रशासनाच्या दृष्टीने प्रकरण मिटले.

आपल्या खात्यात हा खेळ आपण जन्मभर बघत आलो आहोत. अपघात झाला की पहिल्या तासाला ड्रायव्हरचे नाव बाहेर पडते. १७ जून २०२४ रोजी न्यू जलपाईगुडीजवळ रंगापाणी इथे उभ्या असलेल्या कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून मालगाडी आदळली. मालगाडीचा ड्रायव्हर त्यातच गेला. त्याच दिवशी वरून जाहीर झाले की त्याने सिग्नल जुमानला नाही. मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नसतो. नंतर रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा अहवाल आला. त्यात काय निघाले? ऑटोमॅटिक सिग्नल पहाटेपासून बिघडलेले. ड्रायव्हरला दिलेला टी/ए ९१२ हा कागद त्या प्रसंगाला योग्य नव्हता आणि त्यावर वेगाची ताकीद नव्हती. ड्रायव्हर आणि स्टेशन मास्तर यांना अशा प्रसंगी काय करायचे याचे नीट शिक्षण दिलेले नव्हते. हा अपघात होण्याची वाटच पाहत होता, अशा अर्थाचे शब्द आयुक्तांनी वापरले.

हा अहवाल आला तो कशामुळे, ते लक्षात घ्या. रेल्वे सुरक्षा आयोग हा रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाही, तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली ठेवलेला आहे. चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी करायची तो, हे दोघे एकाच साहेबाचे नोकर असू नयेत, म्हणून ही व्यवस्था. तिच्यातही उणिवा आहेत, आपण त्यावर वेळोवेळी भांडलो आहोत. पण व्यवस्था आहे. गाडीखाली माणूस मेला तर बाहेरचा माणूस येऊन रूळ, सिग्नल, रजिस्टर, रोस्टर तपासतो. खाटेवर माणूस मेला तर? मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याने असे लिहितात. ती तर प्रत्येकाचीच बंद पडते.

एक अपवाद आहे, आणि तो बाळंतिणींचाच आहे. २०१० पासून केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रत्येक माता-मृत्यूची समीक्षा करायची असते, २०१७ मध्ये त्या सूचना सुधारल्या. ही समीक्षा कोणाला शिक्षा देण्यासाठी नसते. घरून निघायला उशीर झाला का, गाडी मिळायला उशीर झाला का, दवाखान्यात उपचार सुरू व्हायला उशीर झाला का, हे शोधायचे आणि ते भोक बुजवायचे. कागदावर तरी पद्धत उत्तम आहे. शिकागोच्या त्या बाईच्या बाबतीत असे विचारले असते तर उत्तर एकट्या डॉक्टर ग्रीनपाशी थांबले नसते. मग माझा प्रश्न असा की, जे बाळंतिणीला लागू ते पॉइंट्समनला, सॉर्टरला, ट्रॅकमनला का लागू नाही?

‘ई.आर.’चे मी एवढे कौतुक केले म्हणून तिथले सगळे खरे मानू नका. १९९६ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी छापून आली. ‘ई.आर.’ आणि आणखी दोन मालिकांचे ९७ भाग बसून पाहिले. त्यांत ६० वेळा हृदय बंद पडले. छाती दाबून त्यातले ७५ टक्के शुद्धीवर आणले, आणि ६७ टक्के बहुधा घरी गेले. प्रत्यक्षात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडले तर अमेरिकेतसुद्धा दहात एकाच्या आसपास वाचतो. पडद्यावर पडद्याचा हिशेब चालतो. म्हणून आपल्या माणसाचा जीव छाती दाबूनही परत आला नाही की नातेवाईकांना वाटते, डॉक्टरने मनापासून केले नाही. दगड उचलायची सुरुवात कित्येकदा इथून होते.

तसेच ते विजेच्या झटक्याचे. मॉनिटरवर रेघ सरळ झाली की डॉक्टर दोन पाट छातीला लावतो आणि पेशंट उसळतो. आमच्या मुलीने हसून सांगितले की सरळ रेघेवर झटका देतच नाहीत. हृदय वेडेवाकडे थरथरत असेल तेव्हा झटक्याचा उपयोग होतो. सरळ रेघ असेल तर छाती दाबणे आणि औषध हाच मार्ग. छाती दाबायची तर मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची पाच सेंटिमीटर तरी खाली जाईल इतकी जोरात, हात सरळ ठेवून. पडद्यावर नट कोपर वाकवून नाजूकपणे दाबतो, कारण खाली दुसरा नट झोपलेला असतो. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा फर्स्ट एडचा कोर्स केलेले आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी आठवून बघावे, शेवटचा सराव कधी केला. गार्डच्या पेटीतल्या पट्ट्या आणि आयोडीनही एकदा बघून घ्यावे. २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. हुद्दा बदलला, पेटी बदलली की नाही ते आपणच पाहायचे.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक मात्र फिटची. २०१० साली कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ‘ई.आर.’सह चार अमेरिकन मालिकांचे ३२७ भाग तपासले. त्यांत फिटचे ५९ प्रसंग निघाले. जवळजवळ निम्म्या वेळा, म्हणजे ४६ टक्के प्रसंगांत, पडद्यावरच्या डॉक्टर-नर्सनी चुकीचेच केले. माणसाला दाबून धरले, हातपाय आवळले, तोंडात काहीतरी घातले. डॉक्टरांच्या मालिकेत ही गत, तर प्लॅटफॉर्मवर काय होत असेल? ते आपण रोज बघतो. कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडतो, कोणी किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबतो, आणि एखादा शहाणा दातांत चमचा घालतो. दात तुटतात, श्वास अडतो. याने फिट थांबत नाही. फिट बहुधा आपली आपणच थांबते आणि श्रेय चपलेला जाते.

करायचे ते एवढेच. आजूबाजूचे सामान, बाकडे, धारदार वस्तू दूर करा. डोक्याखाली घडी केलेला शर्ट ठेवा. गळ्याचे बटण सैल करा. माणसाला कुशीवर वळवा म्हणजे लाळ आत जाणार नाही. घड्याळ बघा. तोंडात काही घालू नका, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली, किंवा पहिल्यांदाच आली असेल, तर थेट रुग्णालय. आणि फिट आलेली बाई गरोदर असेल तर एक मिनिटही घालवू नका. शिकागोची ती बाई डोळ्यांपुढे आणा.

मालिकेत पुढे त्या डॉक्टरवर खटला येतो. आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते आपल्या सभासदांना ठाऊक असावे. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. पण जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ती रुग्णालये वगळली. मग रेल्वेचे साहेब म्हणू लागले, आमचा दवाखाना फुकट आहे, तुम्ही ग्राहक नाही. हे २००७ साली मोडीत निघाले. मध्य रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याच्या पत्नीच्या मृत्यूचे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि कोर्टाने सांगितले की रेल्वेचा दवाखाना हा कर्मचाऱ्याच्या सेवाशर्तींचा भाग आहे, त्याला फुकट म्हणता येत नाही. आपला घाम हीच त्याची फी आहे, हे आपण पूर्वीपासून म्हणत होतो. कोर्टाने ते आपल्या भाषेत मांडले नसेल, पण अर्थ तोच. टपाल खात्यातल्या बंधूंचे सी.जी.एच.एस. आणि ग्रामीण डाक सेवकांची वैद्यकीय सोयीची जुनी मागणी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, त्यांच्यापैकी कोणी तो लिहावा.

फौजदारी कायद्याचे चित्र वेगळे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून तसे घडले तर दोन वर्षांपर्यंत. शिवाय २००५ साली सुप्रीम कोर्टाने घालून दिले आहे की डॉक्टरला फौजदारीत ओढायचे तर हलगर्जी ढळढळीत असली पाहिजे आणि आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घेतले पाहिजे. ड्रायव्हरला ही सोय नाही. काही मित्र म्हणतात, डॉक्टरलाही पाच वर्षे करा. माझे मत उलटे आहे. डॉक्टरला जे संरक्षण आहे ते बरोबर आहे, आणि तेच ड्रायव्हरला, मोटरमनला, स्टेशन मास्तरला मिळाले पाहिजे. थकलेल्या माणसाला तुरुंगात घातल्याने दुसऱ्या थकलेल्या माणसाची झोप पुरी होत नाही.

याचा अर्थ गप्प बसा असा नाही. केस पेपर मागा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि आंतररुग्णाचे कागद तीन वर्षे जपावे लागतात. मागणी लेखी करा, तारखेसह पोच घ्या. कॉलर धरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, पोच घेणाऱ्याच्या हाती निदान कागद लागतो. त्या पॉइंट्समनच्या कागदावर ई.सी.जी. काढण्याची दोन शब्दांची सूचना होती. तेवढ्यावरच पुढचा सगळा पत्रव्यवहार उभा राहिला.

आमच्या शाखेने पी.एन.एम.च्या बैठकीसाठी तीन मागण्या दिल्या आहेत. कर्मचारी किंवा कुटुंबीय रेल्वेच्या दवाखान्यात दगावला तर तीस दिवसांत समीक्षा व्हावी, त्यात बाहेरचा एक डॉक्टर आणि संघटनेचा एक प्रतिनिधी असावा. छातीत दुखते म्हणून आलेल्याला ई.सी.जी. काढल्याशिवाय घरी पाठवू नये, माणूस नसेल तर लगेच दुसऱ्या रुग्णालयात पाठवण्याचे अधिकार ड्युटीवरच्या डॉक्टरला द्यावेत. आणि दवाखान्यातल्या डॉक्टर, नर्स, ड्रेसर यांच्या पाळीचे तास दर्शनी फलकावर लावावेत. तिसऱ्या मागणीवर आपलेच काही सभासद म्हणाले की डॉक्टरांच्या तासांशी आपल्याला काय करायचे. त्यांच्यासाठीच हा लेख लिहिला. पहिल्या बैठकीत उत्तर मिळाले, ‘विषय विचाराधीन.’ दुसऱ्या बैठकीत तेच. पुढची बैठक येत्या तिमाहीत आहे. ई.सी.जी. मशीनवरचे कापड अजून काढलेले नाही, हे मी गेल्या सोमवारी जाऊन बघून आलो.